आईचं शुद्ध मराठी

सरांना मी माफ केलेलं नाही. लोक म्हणतात, सोडून दे, त्यांचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूच्या माणसांनी माझं जेवढं वाटोळं केलंय तेवढं वाईट हेतूवाल्यांना कधी जमलं नाही. त्यामुळे हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोलू नये.

आधी आम्ही कोण ते सांगते. आमचं घर चामराजपेटेत. आमचे पूर्वज कुणाच्यातरी फौजेबरोबर दक्षिणेत उतरले आणि इथेच राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, असं पिढ्यान् पिढ्या चाललं, आणि बाहेरचं हळूहळू आत येत गेलं. आमच्या मराठीत थोडंसाठी 'स्वल्प' आहे, बरंसाठी 'सरी' आहे, शिवाय 'सुम्ने' आहे. बायका 'मी येतो, मी करतो' म्हणतात. मी थोरली, म्हणून आई मला अक्का म्हणते. मी लिहिते ते पुस्तकातलं मराठी; वाचून वाचून कमावलेलं. बोलायला लागले की मात्र चामराजपेट बाहेर पडतंच.

माझ्या एका काकांनी पुण्याची बायको केली. काकू हुशार, बोलायला चटपटीत. पाहुणे आले की ती आईच्या बोलण्याची नक्कल करायची. 'भात स्वल्प घालतो, सरी?' असं म्हणून डोळे मोठे करायची आणि सगळे हसायचे. आईसुद्धा हसायची. पुढे पुढे पुण्याची माणसं समोर असली की आई बोलेनाशीच झाली. मान हलवायची, वाढायची, आत जायची. काकूला वाटायचं, जाऊबाई स्वभावाने अबोल आहेत. माझी आई अबोल! भाजीवाल्याशी वाद घालताना तिचा आवाज पलीकडच्या गल्लीत जातो.

मी नोकरी करते इलेक्ट्रॉनिक सिटीत, एका कंपनीत, साहेबलोकांच्या प्रवासाची तिकिटं आणि हॉटेलं बघते. तिथल्याच एका पुणेकर मुलीने मला कथाकट्ट्याची माहिती दिली. एचएसआर लेआउटमधल्या एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये महिन्यातून एका रविवारी मराठी मंडळी जमायची आणि कथा वाचायची. कट्टा चालवायचे ते सर. मराठीचे निवृत्त प्राध्यापक, मुलाकडे राहायला आलेले. पांढरा झब्बा, गोड आवाज, आणि समोरच्याला 'आपण' म्हणायची सवय. पहिल्या भेटीत मी त्यांच्यावर खूश झाले होते, खोटं कशाला सांगू.

कट्ट्याची एक रीत होती. वाचणारा वाचत असताना ऐकणाऱ्यांनी हातात पेन्सिल धरायची आणि मराठी नसलेला शब्द आला की टेबलावर टक् करायचं. नंतर तेवढे शब्द बदलायचे. सर याला 'शुद्धीकरण' म्हणायचे. पण 'वीकेंड' आला, 'डेडलाइन' आली, 'लिफ्टमध्ये स्पेस नव्हती' असं वाक्यच्या वाक्य आलं, तरी पेन्सिली गप्प. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पहिल्याच पानावर इतकी टकटक झाली की सोसायटीचा रखवालदार दार उघडून बघून गेला. सगळे हसले. मलाही हसावं लागलं, आणि हसता हसता मला काकूची आठवण झाली.

तरी मी जात राहिले. का, ते सांगणं कठीण आहे. मराठी वाचणारी, मराठीवर भांडणारी माणसं मला दुसरीकडे कुठे मिळणार होती?

मी कट्ट्यावर जायला लागले त्याच्या आदल्या वर्षी माझे वडील गेले होते. हॉस्पिटलमध्ये बरेच दिवस होते. आई त्यांच्या उशाशी बसून रोज भांडायची. 'सुम्ने झोपून काय राहाताव, स्वल्प उठून बसा की.' सुम्ने म्हणजे उगीच. नर्सेसना वाटायचं, काय कजाग बाई आहे. वडिलांना मात्र ते भांडण हवं असायचं. आई थांबली की ते डोळे उघडून बघायचे. शेवटच्या दुपारी खोलीत आम्ही तिघंच होतो. वडील बऱ्याच वेळाने बोलले. म्हणाले, "मी जाऊ?"

आयुष्यभर ते घरातून बाहेर पडताना हेच विचारायचे. बस पकडायची असो, कोपऱ्यावरून पान आणायचं असो. आणि आमच्याकडे निघणाऱ्याला नुसतं 'जा' म्हणत नाहीत. आईने पदर सारखा केला आणि नेहमीसारखं म्हणाली, "सरी. जाऊन या."

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी गेले.

ही मी कथा लिहिली. नाव दिलं 'सुम्ने'. आईचं बोलणं मी जसंच्या तसं ठेवलं, एक अक्षर हलवलं नाही. माझ्या आईचं बोलणं एकदा तरी छापील कागदावर, कुणी हसणार नाही अशा ठिकाणी, मराठी म्हणून उभं राहावं एवढीच माझी इच्छा होती. तिने ते बघावं आणि काकूसमोर तोंड उघडावं. याहून मोठं काही माझ्या मनात नव्हतं.

कट्ट्यावर वाचली. टकटक झालीच. शेवटच्या वाक्याला सरांनी स्वतः पेन्सिल आपटली. म्हणाले, "मरणाऱ्या माणसाला 'जाऊन या' कोण म्हणेल? तर्काला धरून नाही. वाचक हसेल." मी म्हटलं, "सर, ती म्हणाली तसं." ते गोड हसले. "प्रत्यक्षात घडलं म्हणून कथेत खरं वाटतंच असं नाही. बघा आपण."

त्याच महिन्यात सरांनी आंतरराष्ट्रीय कथास्पर्धेची बातमी आणली. स्पर्धा सातासमुद्रापलीकडची. कुठल्याही भाषेतली कथा चालणार होती, सोबत इंग्रजी भाषांतर हवं. सरांनी नियम मोठ्याने वाचून एकेकाचा मराठीत अर्थ सांगितला. लेखकाचं नाव कथेवर नको. निकाल लागेपर्यंत यादीत फक्त कथांची नावं. कथा मूळ भाषेत आधी कुठेही प्रसिद्ध झालेली नसावी. दुसऱ्या भाषेत भाषांतर छापलं असेल तर हरकत नाही. हा प्रसिद्धीचा नियम त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "कुणी उत्साहाच्या भरात फेसबुकवर टाकू नका, बाद व्हाल." हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर त्यांना हा नियम आठवेना.

आम्ही चौघापाचांनी कथा पाठवल्या. सरांचीही गेली. गुलमोहराशी बोलणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकाची होती. त्यात तो गुलमोहरही 'आपण' म्हणायचा. मी 'सुम्ने' पाठवली, न बदलता. भाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहिलं.

यादी आली तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होते, उड्डाणपुलावर. हजारो कथांमधून काही निवडल्या होत्या आणि त्यात 'सुम्ने' होती. ईमेलमध्ये त्यांच्या मराठी वाचकाचं एक वाक्य होतं. आईच्या तोंडची भाषा जिवंत आहे, ती या कथेचा प्राण आहे, असं. कोण होता तो माणूस, मला माहीत नाही. पण ते वाक्य वाचून मी बसमध्ये रडले, आणि शेजारच्या मुलाने कानातला इअरफोन काढून मला टिश्यू दिला.

यादी कुणालाही बघता येत होती. तीत सरांचा 'गुलमोहर' नव्हता, आणि 'सुम्ने' नाव ऐकलेली माणसं कट्ट्यावर होती. रात्रीपर्यंत सरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच गोड. "आपला अभिमान वाटतो. कट्ट्याचा गौरव आहे हा." मी म्हटलं, "सर, निकालापर्यंत कुणाला सांगू नका." "अर्थातच," सर म्हणाले.

तीन आठवड्यांनी कट्ट्याची वार्षिक स्मरणिका आली. मी ती क्लबहाऊसच्या टेबलावरून उचलली. पहिल्याच पानावर माझा फोटो, खाली 'आंतरराष्ट्रीय यशाच्या उंबरठ्यावर', आणि पुढे माझी कथा. नाव 'निःशब्द'. मी उभ्या उभ्या वाचली. आई म्हणत होती, 'अहो, असे नुसते पडून किती काळ राहणार? थोडे उठून बसा ना.' मला ती 'बाळ' म्हणत होती. आणि शेवटी वडिलांनी 'मी जाऊ?' विचारल्यावर म्हणत होती, 'आपण निश्चिंत मनाने जा. घराची काळजी मी घेईन.'

 कथा छापली म्हणून मी स्पर्धेतून बाद होणार, हे लक्षात यायला जरा वेळ लागला. आधी लक्षात आलं ते हे, की माझ्या आईच्या जागी कुणी दुसरीच बाई वडिलांच्या उशाशी बसवली आहे.

सर म्हणाले, "आपल्याला आनंद होईल असं वाटलं. जगापुढे जायची ती कथा नीटनेटकी नको?" मी नियमाचं बोलले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "असा नियम होता? बरं, तिकडे कुणाला कळणार आहे." कळलं, कारण त्यांनीच कळवलं होतं. आमच्या लोकांना एखाद्याचं कौतुक झालं की ते कौतुक करणाऱ्याचंही कौतुक करायचं असतं. सरांनी कट्ट्याच्या वतीने आयोजकांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं होतं, आभार मानले होते, आणि सोबत स्मरणिकेची प्रत जोडली होती. पान क्रमांकासकट.

मुद्दाम केलं का? मला वाटतं, हो. आई म्हणते, नाही. कट्ट्यावरचे म्हणतात, सर साधे आहेत. साधा माणूस पान क्रमांक लिहीत नाही.

आयोजकांचं ईमेल आलं. अत्यंत सभ्य. छापलेली कथा आणि आपली कथा यांची शब्दरचना वेगळी दिसते, ही एकच कथा आहे की दुसऱ्या भाषेतलं भाषांतर, हे सोमवारपर्यंत कळवावं. मी ते सरांना दाखवलं. दाखवायला नको होतं, पण वाट दिसत नव्हती. ते वाचून त्यांचा चेहरा उजळला.

"सुटलो की आपण," सर म्हणाले. "मी त्यांना लिहून देतो. मूळ कथा मराठीत नव्हतीच, ती एक स्थानिक कन्नडमिश्रित बोली आहे. आम्ही छापलं ते तिचं मराठी भाषांतर. मराठीचा प्राध्यापक म्हणून माझा शब्द त्यांना पुरेल. आणि खरं सांगू, यात खोटं काही नाही. मला ते भाषांतराइतकंच कष्टाचं काम पडलं."

हे सगळं ते मायेने बोलत होते. माझ्या हातावर हात ठेवला होता. स्पर्धेत राहायचं तर मी एवढंच म्हणायचं होतं, की माझी आई मराठी बोलत नाही. काकू बिचारी नुसती हसायची, सर तर सहीशिक्क्याने सांगायला निघाले होते. मी म्हटलं, "विचार करून सांगते."

घरी गेले तर आई स्मरणिका घेऊन बसलेली. सरांनी एक प्रत तिला वेगळी पाठवली होती, रविवारच्या सत्काराच्या आमंत्रणासकट. आईची शाळा कन्नडमधली. देवनागरी ती ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचते. शेवटच्या पानावर आली होती. डोळे भरलेले. मला वाटलं, तिला राग आलाय, आणि मला बरं वाटलं.

"अक्का," ती म्हणाली, "ह्यात मी किती चांगलं बोलतो ग."

मी तिला खरी कथा वाचून दाखवली. तिच्या शब्दांतली. ती ऐकताना अवघडून बसली. मधेच म्हणाली, "हे सगळं कशाला लिवलीस? लोक काय म्हणतील, असं बोलतेत म्हणून." पूर्ण ऐकलीसुद्धा नाही. शेगडीवरचं दूध बघायला उठली. मला तिचा राग आला. तिच्यासाठी मी हे सगळं करत होते आणि तिला ती पुण्याची बाई आवडली होती. त्या दिवशी मी तिच्याशी फार वाईट वागले नाही, इतकंच म्हणू शकते.

सत्काराला मी जाणार नव्हते. पण आईने ठेवणीतली साडी काढली, शेजारणींना सांगितलं, पुण्याला जाऊन राहिलेल्या काकूला फोन केला. तो फोन तिने आपणहून केला होता, त्यामुळे मला नाही म्हणता येईना.

क्लबहाऊस भरलेलं होतं. शाल, श्रीफळ, गुच्छ. सरांचं भाषण झालं. कच्चा हिरा मिळाला, पैलू कट्ट्याने पाडले, असं काहीसं. मी शाल पांघरून बसले होते आणि मला घाम येत होता. मग सर म्हणाले, "या लेखिकेच्या मातोश्री आपल्यात आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी आईकडे बघितलं. अनोळखी मराठी माणसांसमोर ती पाणीसुद्धा मागत नाही. मला वाटलं, ती मान हलवेल आणि बसून राहील.

आई उठली. पदर खांद्यावरून घेतला. आणि बोलली. एकेक शब्द ठेवून, पाठ केल्यासारखी. पाठच केलं होतं. "माझे यजमान आजारी होते. मी त्यांना म्हणत असे, असे नुसते पडून किती काळ राहणार, थोडे उठून बसा ना. शेवटी त्यांनी मला विचारले, मी जाऊ? तेव्हा मी त्यांना म्हणाले, आपण निश्चिंत मनाने जा. घराची काळजी मी घेईन."

 पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. मग टाळ्या, कितीतरी वेळ. सर सर्वात जास्त वाजवत होते. आई खाली बसली तेव्हा तिचा चेहरा असा फुललेला होता, की तसा मी तो वडील असतानाही पाहिला नव्हता. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बरोबर बोलले ना मी?"

मी म्हटलं, "हो."

सोमवारी मी आयोजकांना ईमेल लिहिलं. छापलेली कथा माझ्याच कथेची बिघडवलेली प्रत आहे. दोन्हींची भाषा मराठी आहे. कुणाचाही शब्द यावर घेऊ नये, माझ्या घरात ही भाषा पिढ्यान् पिढ्या बोलली जाते. पाठवण्याआधी मी ते बराच वेळ बघत बसले. मला ती स्पर्धा हवी होती. माझ्या हातून ती जात होती आणि मला रडू येत होतं, तरी मी बटण दाबलं.

उत्तर दोन दिवसांनी आलं. खेद होतो, परंतु मूळ भाषेत प्रसिद्ध झाल्यामुळे नियमानुसार कथा यादीतून काढत आहोत. सरांना मी कळवलं तर म्हणाले, "आम्ही आपल्याला वाचवत होतो. आपला हट्ट नडला." कट्ट्याच्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं आली, 'पुढच्या वेळी नक्की' असे संदेश आले, आणि दुपारी कुणाच्यातरी नातवाच्या वाढदिवसाचे फोटो आल्यावर विषय संपला. मी ग्रुप सोडला. कट्टाही सोडला.

सरांचं पुढे काही वाईट झालं नाही. स्मरणिका दरवर्षी निघते.

आई मात्र कट्ट्यावर जायला लागली. सर गाडी पाठवतात. ती तिथे पहिल्या रांगेत बसते. काकूशी फोनवर तासतासभर बोलते, आणि काकू म्हणते, जाऊबाई किती सुधारल्या. घरात ती मला आता बाळ म्हणते. सुरुवातीला जिभेवर यायचं नाही, अडखळायची. आता सहज येतं. मी तिच्याशी आपल्या बोलीत बोलले की ती उत्तर पुस्तकातलं देते. भाजीवाल्याशी भांडते, पण ते कन्नडमध्ये.

वडिलांच्या श्राद्धाला धारवाडची आत्या आली होती. वडिलांची धाकटी बहीण. शेवटच्या दिवसांत तिला यायला जमलं नव्हतं. जेवणं झाल्यावर तिने आईला विचारलं, "वैनी, अण्णा शेवटी काय बोलले?" आईने सांगितलं. मी जाऊ, म्हणाले. मी म्हटले, आपण निश्चिंत मनाने जा. घराची काळजी मी घेईन. आत्या ढसाढसा रडली. म्हणाली, "किती धीराची तू."

आत्या गेल्यावर मी भांडी आवरत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, तू तसं म्हणाली नव्हतीस."

"मग काय म्हणाले होते?"

"सरी, जाऊन या, म्हणालीस. मी तिथेच होते."

आई थांबली. खरोखर आठवून बघत होती, मला दिसत होतं. मग तिने मान हलवली आणि माझ्या हातातलं पातेलं घेऊन फळीवर ठेवलं.

"छे, बाळ," ती म्हणाली. "मरणाऱ्या माणसाला कुणी 'जाऊन या' म्हणतं का? इतकी गावंढळ नव्हते मी."